डाव्या कडेची सावली

दादा दात करायचे. कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, अपघातात तुटलेले पुढचे दात. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचा ठसा डब्यात घालून लॅबमध्ये पाठवत, आणि त्या ठशावरून दादा दात घडवत. ज्याच्या तोंडात तो दात जायचा त्याला ते कधी बघत नसत. "लोकांच्या तोंडी लागणं हाच माझा धंदा," असं ते नव्या माणसाला सांगत. त्यावर वहिनी म्हणत, "आणि घरात तोंड उघडायचं नाही, हा जोडधंदा."

वहिनी म्हणजे त्यांची बायको. सार्वजनिक तरणतलावाच्या खिडकीवर तिकिटं देतात. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केलं आणि आता शाळेच्या गाइडांची मुद्रितं तपासते. दादा मला साहित्यसम्राज्ञी म्हणत. वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळचे. पण दोस्ती झाली ती बरोबरीची, आणि ती मालिकेमुळे.

मालिका म्हणायला पोलिसांची होती. एक बंद पडलेली खाण, तिच्याभोवतीचं गाव, आणि घराघरांत मेलेली माणसं. प्रत्येक जण खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेला. भिंतीवर काहीच नाही. एक इन्स्पेक्टर बाई खुनी शोधत राहते. हळूहळू लक्षात येतं की खाणीखाली काहीतरी आहे, माणसाच्याही आधीचं. त्याचं आपल्याशी वैर नाही. आपण आहोत हेच त्याला ठाऊक नाही. चालताना मुंगी पायाखाली यावी तशी ती माणसं मेली आहेत.

दादांना हे फार आवडलं होतं. ते म्हणाले, देव रागावलेला परवडला, निदान ओळख तरी असते.

"भिंतीकडे बघत मरायला मालिका कशाला लागते," वहिनी म्हणाल्या. "लग्न पुरतं."

दर आठवड्याला नवा भाग येई. सुट्टीच्या दुपारी आम्ही तो बघत असू. दादा पडदे ओढून घेत, दार लावून घेत आणि सोफ्यावर डाव्या कुशीवर आडवे होत. गाल उशीत, डावा डोळा उशीत पार बुडालेला. तो डोळा लहानपणापासून आळशी होता. त्याला सगळं पाण्यातून दिसल्यासारखं दिसायचं. तो नुसता हजेरीला आहे, असं ते म्हणत. काम सगळं उजव्याचं. मी जमिनीवर भिंतीला टेकून बसायची. वहिनी आत इस्त्री करत आणि मधूनच दारात येऊन, आता कोण मेलं, एवढंच विचारून जात.

भाग संपला की दादा फोन उघडत. मालिकेवर बोलणाऱ्यांचा एक ग्रुप होता. काही हजार माणसं. कोणाचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. तिथे प्रत्येकाची आपापली थिअरी होती. कोणी म्हणे इन्स्पेक्टर बाई पहिल्याच भागात मेली आहे, कोणी म्हणे सगळं गाव हे त्या खालच्या वस्तूचं स्वप्न आहे. सर्वांत मान ‘प्रोफेसर’ नावाच्या माणसाला होता. तो मोबाइलची कव्हरं विकतो, हे मला नंतर कळलं. दादा तिथे ‘अक्कलदाढ’ या नावाने होते. बरेच दिवस ते नुसते वाचत. मग एका आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतः लिहिलं.

आधी विजा आल्या. दादांना दिसलं की अंधाऱ्या प्रसंगात पडद्याच्या कडेला बारीकशी चमक होते, क्षणभर, आणि विझते. इन्स्पेक्टर बाई बोगद्यात उतरते तेव्हा तर दोनतीनदा. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं. लोकांनी दृश्य मागेपुढे करून पाहिलं. काहींना दिसली, काहींना नाही.

मग माशा. बारीक काळे ठिपके, धूर उडावा तसे. दादा म्हणाले, मेलेल्या माणसाच्या खोलीत माशा असणारच, पण ह्या रिकाम्या आकाशातही आहेत.

मग सावली आली. पडद्याच्या डाव्या कडेला, प्रत्येक दृश्यात, गडद आणि किंचित वाकडी. पुढच्या भागात ती जराशी आत सरकली. त्याच्या पुढच्या भागात आणखी जराशी. आणि तिचा एक गुण असा की तिच्याकडे सरळ बघायला गेलं की ती निसटायची. नजर डावीकडे नेली की तीही डावीकडे जायची.

"तिला कळतं," दादा म्हणाले. "आपण बघतोय ते तिला कळतं."

एका बोटाने टाइप करून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. लेखाचे त्यांनी चार भाग पाडले होते: विजा, माशा, सावली, आणि ‘ती बघणाऱ्याला ओळखते’. खाली एक परिच्छेद होता तो मला अजून पाठ आहे. त्यात त्यांनी आपल्या कामाचं उदाहरण दिलं होतं. नवा दात पांढराशुभ्र आणि अगदी सरळ केला तर तो खोटा दिसतो. म्हणून हिरडीपाशी जरा पिवळट झाक द्यायची, कडेला केसाएवढी चीर काढायची, टोकाचा एक कण झिजवायचा. चांगल्या कारागिराच्या वस्तूत डाग राहून जात नाही. तो ठेवलेला असतो. इतक्या सफाईच्या मालिकेत कडेला डाग दिसतोय, तर कोणीतरी तो ठेवला आहे.

लेख वाऱ्यासारखा पसरला. दुसऱ्या दिवशी दादांच्या फोनला उसंत नव्हती. लोकांनी दृश्यांचे फोटो काढले, उजेड वाढवला, लाल वर्तुळं काढली. प्रत्येकाला सावली सापडत होती. कोणाची उजवीकडे होती, कोणाची खाली, एकाची तर छताला चिकटलेली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. प्रोफेसरने निकाल दिला की ती ज्याला जशी दिसायची तशीच दिसते.

मला ती कधीच दिसली नाही. मी तसं सांगितलं. दादांनी माझी समजूत घातली, म्हणाले तू परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून बघतेस, जरा आडवी हो. मी जमिनीवर आडवी झाले. काही दिसलं नाही. त्यांना माझं वाईट वाटलं असावं. त्यांनी मला उशी दिली.

वहिनींनी एकदा म्हटलं होतं, अहो, डोळे दाखवून घ्या एकदा. पण वहिनी हे नेहमीच म्हणत. किल्ल्या सापडल्या नाहीत तरी, भाजीत केस निघाला तरी. दादांनी फोन त्यांच्यापुढे धरला. लाल वर्तुळांवर लाल वर्तुळं.

"एवढ्या सगळ्यांचे डोळे एकदम बिघडले का?"

वहिनी इस्त्रीकडे परत गेल्या.

ते दिवस दादांच्या आयुष्यातले सर्वांत मानाचे होते असं मला वाटतं. त्यांच्या कामाचं यश हेच, की त्यांचं काम कोणाला दिसू नये. बाई हसली आणि समोरच्याला तिचा दात खोटा वाटला नाही, म्हणजे दादा जिंकले. आयुष्यभर ते असं लपून जिंकत आले होते. आता हजारो माणसं विचारत होती, अक्कलदाढ काय म्हणतात, अक्कलदाढ आले का. ते चहा पिता पिता हसत. "बघ, अक्कल कुठून उगवली," म्हणत.

सावली निम्म्या पडद्यापर्यंत आली.

दंतवैद्यांकडून दात लॅबमध्ये परत येऊ लागले होते. एका टोपीची कड हिरडीवर उचललेली राही. एका पुढच्या दाताची छटा शेजारच्याशी जुळेना. लॅबचे मालक भले गृहस्थ. ते म्हणाले, मालिका जरा कमी बघा, डोळ्यांखाली खाणी पडल्यात. सगळे हसले. दादाही हसले. त्यांनी टेबलावरचा दिवा बदलला.

मग एक दिवस मुद्रितं तपासताना मला त्यांचा फोन आला. भर दुपारी ते कामावरून कधी फोन करत नसत. आवाज बारीक होता, पण मी त्यांना इतकं आनंदात कधी ऐकलं नव्हतं.

"बाहेर आली गं."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. ते एक दाढ कोरत होते. प्लास्टरचा कण उडून डाव्या डोळ्यात गेला. त्यांनी तो डोळा हाताने दाबून धरला आणि उजव्याने दाढेकडे पाहिलं. दाढेचा वरचा भागच नव्हता. तिथे सावली होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, खिडकीवर होती. मालकांकडे पाहिलं, तर मालकांना कपाळ नव्हतं.

"टीव्हीतून बाहेर आली," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तुला सांगतोय. अजून ग्रुपवर टाकलं नाही."

मी फोन ठेवला आणि तरणतलावावर गेले. चालत जाण्याचं अंतर, पण मी रिक्षा केली. वहिनींच्या खिडकीपुढे पोहायला आलेल्यांची रांग होती. मी रांग मोडून पुढे गेले तेव्हा लोक ओरडले. वहिनींनी माझं ऐकून घेतलं. खिडकीची फळी खाली ओढली. लोक आणखी ओरडले.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होत्या, जवळपास माझ्याच वयाच्या. त्यांनी दादांच्या डोळ्यात औषध घातलं, बाहुली मोठी होऊ दिली, आणि कपाळाला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. दिवा बाजूला केल्यावर त्या एकेक विचारू लागल्या. आधी चमका दिसल्या होत्या का, अंधारात, कडेला? दादा म्हणाले, हो. मग काळे ठिपके, माशा उडाल्यासारखे? हो. मग सावली, हळूहळू पुढे येणारी? हो. आणि नजर वळवली की तीही वळते?

हो, दादा म्हणाले. हे शेवटचं हो ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

दादांच्या लेखाचे चार भाग होते. डॉक्टरांनी ते त्याच क्रमाने विचारले होते.

"हे इतके दिवस तुम्ही कोणालाच सांगितलं नाही?" डॉक्टर म्हणाल्या.

"सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "काही हजार लोकांना."

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो. ओलीने भिंतीवरचा कागद सुटावा तसा तो खालच्या बाजूने सुटत आला होता. खालून सुटला की सावली वरून दिसते. दादा डाव्या कुशीवर झोपून बघत, आणि तसं झोपलेल्या माणसाचं वर म्हणजे टीव्हीची डावी कड. उठून बसले, दोन्ही डोळे उघडे राहिले, की हजेरीला असलेला डावा डोळा तेवढी जागा पुसट का होईना भरून काढी. म्हणून ती फक्त मालिका बघताना दिसे. चमका दिसल्या तेव्हाच आला असतात, तर बाहेरून लेझरने नुसते टाके घालावेत तसं काम झालं असतं, डॉक्टर म्हणाल्या. आता सुटलेला भाग नजरेच्या अगदी मधोमध पोचला होता.

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि दादांच्या गालावर ओघळलेलं औषध पुसलं. दादा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, म्हणजे मालिकेत काहीच नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. ते म्हणाले, तू सांगत होतीस.

ऑपरेशन झालं. सुटलेला पडदा आतून दाबून बसवायला डोळ्यात तेल भरलं. त्यानंतर पालथं पडून राहायचं होतं, तोंड खाली करून, जागेपणी आणि झोपेतही. वहिनींनी रजा काढली. उशांमध्ये खळगा करून त्यात त्या दादांचं तोंड ठेवत, तिथूनच नळीने चहा पाजत. माणूस असा पालथा बोलू लागला की आवाज जमिनीखालून येतो. एकदा त्यांनी वहिनींना विचारलं, मी कसा दिसतो? वहिनी म्हणाल्या, पाठमोरे बरे दिसता. त्यांची पाठ हसली. तेवढंच.

पडदा बसला नाही. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच नको म्हटलं. उजेड आणि अंधार कळेल, त्या म्हणाल्या, त्यापलीकडे आशा ठेवू नका. राहिला हजेरीचा डोळा. त्याने दार कुठे आहे हे कळतं, दारात कोण आहे हे कळत नाही.

मालकांनी दादांना काढलं नाही. ठशांत प्लास्टर ओतून साचे करायचं काम दिलं, जे लॅबमध्ये नव्या माणसाला देतात. दादा ते हाताच्या अंदाजाने करू लागले. पण साच्यात हवेचे बुडबुडे राहत, आणि तसा साचा म्हणजे चुकीचं तोंड. त्यावर बेतलेला दात कोणालाच बसला नसता. लॅबमधले लोक ते साचे गुपचूप पुन्हा ओतत. दादांना हे कळलं तेव्हा ते स्वतःच घरी बसले.

मधल्या काळात मालिकेचा शेवटचा भाग येऊन गेला होता. मी एकटीने पाहिला. त्यात काहीच उलगडलं नाही. इन्स्पेक्टर बाई खुर्ची ओढते, भिंतीकडे वळवते आणि बसते. सावलीचा कुठे उल्लेखही नाही. थिअरी खोटी ठरली, असं ग्रुपवर कोणी म्हटलं नाही. प्रोफेसरने लिहिलं की शेवटच्या भागात सावलीने सगळा पडदा व्यापला आहे, म्हणून ती वेगळी दिसत नाही.

तेव्हा मी तिथे खरं काय ते लिहिलं. दादांना विचारूनच लिहिलं. अक्कलदाढ यांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. विजा, माशा, सावली ही त्या आजाराची लक्षणं होती. मालिकेत काही नाही. कोणाला असं दिसत असेल तर लगेच डॉक्टरकडे जा. शब्द मोजून, कोणतीही उपमा न देता लिहिलं.

पहिली काही उत्तरं हळहळीची होती. मग प्रोफेसरचं आलं. त्याने लिहिलं की हे फार महत्त्वाचं आहे. ज्याने ती पहिल्यांदा पाहिली, त्याचीच दृष्टी गेली. हा योगायोग मानायचा का? संध्याकाळपर्यंत लेखाचा पाचवा भाग तयार झाला होता: ‘बघण्याची किंमत’. कोणीतरी दादांचं चित्रही काढलं. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, मागे खाण. दादांना आता ‘पहिला साक्षी’ म्हणू लागले. मी आणखी लिहिलं. मला विचारण्यात आलं की मी कोणाच्या बाजूची आहे.

हे मी दादांना बरेच दिवस सांगितलं नाही. पण सुट्टीच्या दुपारी ते अजूनही सोफ्यावर बसतात, टीव्ही बंद असतो, आणि मी खाली येते. परवा त्यांनी विचारलं, ग्रुपवर काय चाललंय? वहिनी कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. दादा म्हणाले, तिने मान हलवली ना, वाच तू.

मी वाचलं. पाचवा भाग वाचला, चित्राचं वर्णन केलं. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं. वहिनी घड्या तशाच टाकून आत गेल्या. अगदी खाली, त्याच सकाळचा एक मजकूर होता, ‘रात्रपाळी’ नावाच्या कोणाचा. मलाही सुरू झालं, असं त्या माणसाने लिहिलं होतं. दोन दिवसांपासून विजा. आज माशा. मालिका बंद असतानाही. अंगावर काटा येतोय. त्याखाली अभिनंदनांची रांग लागली होती.

दादा ताठ बसले.

"त्याला लिही. आज डॉक्टरकडे जा म्हणावं. उद्या नाही, आज."

मी लिहिलं. अक्कलदाढ स्वतः सांगत आहेत, असं लिहिलं. दादांनी सांगितलं तसं दवाखान्यात काय सांगायचं, डोळ्यात औषध घालून तपासायला कसं लावायचं, तेही लिहिलं. आम्ही थांबलो. आतून नळाचा आवाज येत होता.

उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचलं, कारण दादा वाट बघत होते. त्यात होतं, प्रोफेसर म्हणालेच होते की तुम्ही मला परत फिरवायला याल. साक्षीला ते करावंच लागतं. मी घाबरत नाही. तुमचे आशीर्वाद असू द्या.

"कुठे राहतो तो?" दादांनी विचारलं. "नाव काय? बाई आहे की बुवा?"

मी म्हटलं, कळायला मार्ग नाही.

"परत लिही," दादा म्हणाले.

मी परत लिहिलं. त्यावर कोणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मग आणखी एकाने. मग ते खाली खाली येतच राहिले. रात्रपाळीचं उत्तर आलं नाही.

"परत," दादा म्हणाले. "लिही, माझा डोळा होता. लिही, एकच होता."